लाल ठिपका

मिस्त्रींकडे सहा गाड्या आहेत, असं नुसतं ऐकलं की माणूस आधी दबून जायचा. मग बघायला आला की त्याला काय बोलावं ते सुचायचं नाही. सहांपैकी पाच गाड्या लाकडी ठोकळ्यांवर उभ्या होत्या. एकीला दारं नव्हती. दुसरीचं इंजिन तिच्याच मागच्या सीटवर पाहुण्यासारखं बसवलेलं होतं. तिसरीत मांजर व्यालं होतं आणि पिल्लं मोठी होऊन निघून गेली तरी गाडी तिथेच होती. सगळ्या एकाच कंपनीच्या आणि एकाच काळातल्या, म्हणजे मिस्त्रींच्या तरुणपणातल्या. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला गाड्यांचा नाद कसा लागला, हे काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कधी कळलं नाही. "दिवसभर वर-खाली करून कंटाळतात, म्हणून घरी आल्यावर पुढे-मागे," असं त्या शेजारणींना सांगायच्या. गाड्या खरोखर पुढे-मागे गेल्या असत्या तर गोष्ट वेगळी.

पण सांगायची गोष्ट ती नाही. मागल्या हिवाळ्यात काकूंना झटका आला. पाय काठीच्या आधाराने सावरला. उजवा हात मात्र बधिर झाला तो झालाच. ज्या हाताने त्यांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, तो आता मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. घराला रस्त्यापासून दारापर्यंत उंच पायऱ्या होत्या आणि डॉक्टरांनी पायऱ्यांना सक्त मनाई केली होती. मुलीने तिच्या गावाबाहेर एक जमिनीचा तुकडा शोधला. सपाट जमीन, वर बसकं घर, बाजूला पत्र्याची शेड.

"शेडमध्ये एक गाडी राहील, बाबा," मुलगी म्हणाली. "एकच. उघड्यावर ठेवायची म्हणाल तर मी नाही म्हणेन. आणि जी आणाल ती चालली पाहिजे. तिथून दवाखाना लांब आहे."

मिस्त्री भांडतील म्हणून ती तयारीने आली होती. मिस्त्री म्हणाले, "बरं." तिला ते "बरं" काही बरं वाटलं नाही, पण ट्रक ठरवायचा होता, सामान बांधायचं होतं, आणि म्हाताऱ्या माणसांनी एकदा हो म्हटलं की पुन्हा विचारू नये इतकं तिला कळत होतं.

खरं म्हणजे मिस्त्रींनी मन मारलंच नव्हतं. मारायला ते जागेवर असावं लागतं. काकूंना दवाखान्यातून घरी आणल्यापासून त्यांच्या आत काहीतरी बंद पडलं होतं. जेवायचे, झोपायचे, औषधांच्या वेळा पाळायचे, काकूंच्या केसांना तेलसुद्धा लावायचे. पण बरं वाटणं नाही आणि वाईट वाटणंही नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतला माणूस आधी घाबरतो, मग चिडतो, आणि मग नुसता उभा राहतो. मिस्त्री त्या तिसऱ्या अवस्थेत होते.

गाड्या एकेक करून गेल्या. दारं नसलेली एका हॉटेलवाल्याने नेली. बॉनेट उघडून त्यात फुलझाडं लावणार म्हणाला. एरवी अशा माणसाला मिस्त्रींनी फाटकाच्या आत घेतलं नसतं, पण त्या दिवशी त्यांनी झाडांना पाणी कुठून निघून जाईल ते दाखवून दिलं. आणखी दोन सुट्या भागांसाठी गेल्या. गेलेल्या प्रत्येक गाडीच्या जागी जमिनीवर तेलाचा एक काळा डाग उरला, आणि डागाकडे बघत मिस्त्री थोडा वेळ थांबायचे, आता तरी काही होतंय का ते बघायला. काही व्हायचं नाही. मग ते हात धुवायला जायचे.

उरल्या तीन. एक पोपट, हिरवी. एक राणी, सगळ्यांत देखणी. तिचं काम थोडंच राहिलं होतं आणि एक दातांचे डॉक्टर तिच्यासाठी केव्हाचे मागे लागले होते. आणि तिसरी म्हातारी. म्हातारी तेवढी रस्त्यावर धावायची. पण तिचा रंग झालाच नव्हता. अंगभर खळगे बुजवलेल्या पुट्टीचे राखाडी पट्टे, एक दार निळं आणि एक पांढरं, आणि काच खाली करायची तर दोन्ही हातांनी ढकलावी लागायची.

"राणी ठेवा," मुलगी फोनवर म्हणाली. "किती वर्षं खपलात तिच्यावर. म्हातारीला भंगारवाल्याला द्या."

"बघतो," मिस्त्री म्हणाले.

"बघता काय? तुम्हाला स्वतःला कुठली हवीय?"

हाच तर घोळ होता. पूर्वी त्यांना सहाच्या सहा हव्या होत्या आणि सातवीवर डोळा होता. आता ते तिघींच्या समोर आळीपाळीने उभे राहायचे. तिघींनाही कुणी हवं होतं असं दिसत नव्हतं. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "गाड्या तुमच्या, तुम्ही ठरवा," आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. ट्रक सोमवारी येणार होता. तोवर एकीला ठेवायचं आणि दोघींना जाऊ द्यायचं होतं. मिस्त्रींना भीती वाटायला हवी होती ती याची, की जी ठेवू तीही त्यांना नकोशीच असेल, आणि मग त्या पत्र्याच्या शेडमध्ये एक गाडी आणि शेजारच्या घरात एक माणूस, दोन्ही नुसते उभे राहतील. पण भीतीही वाटत नव्हती, हीच तर अडचण.

शनिवारी सकाळी त्यांनी भंगारवाल्याला फोन करून म्हातारीसाठी संध्याकाळी यायला सांगितलं. ठरवलं म्हणून नाही. काहीतरी ठरवायला हवं होतं म्हणून.

त्याच सकाळी चष्मेवाला पोपट न्यायला आला. त्याच्या शहरात त्याचं चष्म्याचं दुकान होतं. मध्यम वयाचा, फार नेटका माणूस. बरोबर त्याची आई होती, हिरव्याच रंगाचं पातळ नेसलेली. बहुधा मुद्दाम नेसली असावी. चष्मेवाल्याने पोपटचे दिवे असे न्याहाळले, जणू त्यांना नंबर काढून देणार होता.

"आवाज कसला येतो का हिचा?" आईने विचारलं.

"जुनी गाडी आहे, आजी," मिस्त्री म्हणाले. "थोडं बोलणारच."

"आमच्याकडे बोलायला मी आहे. गाडी गप्प हवी."

मिस्त्रींनी आदल्या आठवड्यात पोपटला ठोकळ्यांवरून उतरवलं होतं, चारही चाकं बसवली होती, गल्लीत दोनदा फिरवून आणली होती. चष्मेवाल्याने पट्टा लावला, आईला लावला, आरसा तीनदा नीट केला आणि पोपट फाटकातून बाहेर पडली. ते दुसऱ्या शहरात राहायचे, हमरस्त्याने दोन-अडीच तासांवर. आजींनी खिडकीतून हात हलवला. मिस्त्रींनीही हलवला. तेलाचा डाग बघितला. काही झालं नाही.

मग ते राणीच्या चाकांकडे वळले. रविवारी दातांचे डॉक्टर बघायला यायचे होते. ठेवायची असो की द्यायची, तिला चाकांवर उभं करणं भागच होतं. त्यांनी जॅक लावला, चाक चढवलं, नट हाताने फिरवून बसवले, छोट्या पान्याने लागतील तेवढे आवळले. असं एकेक करत चारही चाकं झाली. जॅक काढला. राणी जमिनीवर टेकली. मिस्त्रींनी पाठ सरळ केली, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड केलं, आणि त्यांचं तोंड आपोआप उघडलं.

ते त्यांनी मिटलं. गेले कित्येक महिने मिटत होते तसंच. आणि हात धुवायला निघाले.

इथे त्या उघडलेल्या तोंडाबद्दल सांगायला हवं. लिफ्टच्या कामात एक नियम असतो, निदान मिस्त्रींच्या कंपनीत होता: जो नट बसवतो, त्याने शेवटचा जोर लावायचा नाही. तो दुसऱ्याने लावायचा आणि त्यावर रंगाची खूण करायची. एका माणसाचा हात फसतो, दोघांचे एकदम फसत नाहीत. मिस्त्रींनी हा नियम लग्नानंतर घरी आणला. घरी दुसरं माणूस एकच होतं. काकू सुरुवातीला हसल्या, मग चिडल्या, आणि मग तयार झाल्या. मिस्त्री नट बसवायचे आणि खिडकीकडे बघून ओरडायचे, "ठिपका!" काकू शिलाई टाकून यायच्या. लांब दांड्याचा पाना लावून ओढायच्या. ठरलेला जोर लागला की पाना 'कट' असा आवाज करायचा. मग ब्लाउजच्या आतून नेलपॉलिशची लाल बाटली काढून त्या नटावर एक ठिपका द्यायच्या. शिवणकाम करणारीचा हात तो. ठिपका असा गोल, जणू छापलेला. तीस-पस्तीस वर्षांत मिस्त्रींच्या हाताने चाकाचा शेवटचा 'कट' एकदाही ऐकवला नव्हता. ते त्यांचं कामच नव्हतं. त्यांचे हात जिथे थांबायचे, तिथून पुढे काकूंचे सुरू व्हायचे.

नळाखाली हात धरलेले असताना मिस्त्रींच्या लक्षात आलं की तोंड मिटल्यावर पुढे काहीच झालेलं नाही.

ते ओल्या हातांनीच परत आले. लांब पाना राणीच्या नटाला लावला आणि ओढला. नट सहज फिरला, फिरतच राहिला, आणि मग कुठे 'कट' झालं. दुसऱ्या नटाचं तसंच. पोपटलाही त्यांनी असंच उतरवलं होतं, असंच तोंड उघडून मिटलं होतं, असेच हात धुतले होते. आणि पोपट आता हमरस्त्यावर होती, एका आजीला घेऊन.

काळजात धस्स व्हायला हवं होतं. झालं नाही. पण हातपाय चालू झाले, आणि ते कुणाच्या परवानगीने झाले हे मिस्त्रींना कळलं नाही. त्यांनी चष्मेवाल्याला फोन लावला. घंटी वाजत राहिली. तो गाडी चालवताना फोन उचलणाऱ्यांतला नव्हताच. चालवायला घेण्याआधी त्याने आरसा तीनदा नीट केला होता.

राणीत पेट्रोल होतं आणि ती म्हातारीपेक्षा दुप्पट पळाली असती. मिस्त्री तिच्या दारापाशी गेलेही. मग थांबले आणि वाकून म्हातारीची चाकं बघितली. प्रत्येक नटावर लाल ठिपका होता. धुळीने मळलेला, कडेने थोडा उडालेला, पण गोल. त्या आवारात काकूंच्या हातचं शेवटपर्यंत आवळलेलं आता एवढंच उरलं होतं. त्यांनी लांब पाना आणि सुट्या नटांचा डबा म्हातारीत टाकला.

इंजिनाचा आवाज ऐकून काकू खिडकीत आल्या.

"कुठे निघालात?"

"पोपटची चाकं ढिली आहेत. आवळायची राहिली."

"थांबा. मी येते."

"तू कशाला? पायऱ्या आहेत."

"मग येऊन धरा."

वाद घालण्यात वेळ गेला असता. मिस्त्रींनी त्यांना धरून पायऱ्या उतरवल्या, निळ्या दारातून आत बसवलं, पट्टा लावला. काकूंनी काठी पायांत घेतली आणि डाव्या हाताने पर्स मांडीवर ओढली.

म्हातारी आपल्या वेगाने चालली, म्हणजे सायकलवाले तिच्याकडे वळून बघायचे. हमरस्त्याला लागल्यावर मिस्त्री समोरच्या प्रत्येक वळणावर हिरवा रंग शोधत होते. एकदा गर्दी दिसली. ट्रकचं टायर फुटलं होतं, बाकी काही नव्हतं. एकदा हिरवं काहीतरी आडवं दिसलं, ती ताडपत्री होती. काकूंचा डावा हात तेव्हा डॅशबोर्डवर गेला आणि मग तिथेच राहिला.

"मी त्यांना 'थोडं बोलणारच' म्हणालो," मिस्त्री मधेच म्हणाले. "आवाज आला तरी ते थांबणार नाहीत."

"पुढे बघून चालवा," काकू म्हणाल्या.

पोपट पेट्रोलपंपाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभी होती. तिच्या मागे नेमका ठेवलेला त्रिकोणी लाल फलक, फलकामागे चष्मेवाला, आणि सावलीत घडीच्या स्टुलावर आजी.

"हा म्हणतो रस्ता खराब आहे," मिस्त्री उतरायच्या आत आजींनी सुरुवात केली. "मी म्हटलं, रस्ता असा खडखडत नाही. दुसऱ्याचे डोळे तपासतो, स्वतःचे कान कधी तपासले नाहीत मेल्याने. शेवटी मी म्हटलं, थांबव, नाहीतर दार उघडते."

"ती उघडते हो," चष्मेवाला म्हणाला.

मिस्त्री मागच्या डाव्या चाकाशी बसले. एक नट वाटेत कुठेतरी पडून गेला होता. बाकीचे बोटांनी फिरत होते. पुढच्या चाकांचंही फार बरं नव्हतं. त्यांनी चष्मेवाल्याला काय झालं ते सरळ सांगितलं, चूक आपली आहे हेही सांगितलं. चष्मेवाल्याचा चेहरा उतरला. मिस्त्रींनी डब्यातून नट काढला, बसवला, सगळे पुन्हा नीट लावून घेतले, आणि लांब पाना हातात घेतला.

"इकडे द्या," काकू मागून म्हणाल्या.

"अगं, नको. मी करतो आज."

"तुम्ही केलं तर तपासणार कोण?"

आजींनी काही न विचारता आपलं स्टूल रिकामं केलं. मिस्त्रींनी ते चाकाजवळ ठेवून काकूंना बसवलं आणि पाना नटावर बसवून दिला. काकूंनी डाव्या हाताने दांडा ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला. मिस्त्रींचा हात पुढे गेला.

"हात काढा," काकू म्हणाल्या.

त्यांनी दांडा काखेत घेतला, पाय रोवला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. चेहरा लाल झाला. मग 'कट' झालं.

रस्त्यावरून गाड्या जात होत्या, तरी तो आवाज सगळ्यांना ऐकू आला. त्या आजी, तो सज्जन माणूस, तो पडून गेलेला नट, आणखी दोन वळणं. वाटभर मिस्त्रींना जी भीती वाटली नव्हती ती आता एकदम, सगळीच्या सगळी आली, आणि तिच्यामागून कसला तरी रागही आला.

"तू तरी बोलायचंस ना," ते म्हणाले. आवाज नको तेवढा चढला. "पोपट आठवडाभर चाकांवर उभी होती. खिडकीतून दिसत होती तुला. एका शब्दाने विचारायचंस, ठिपके दिले का म्हणून."

काकूंनी पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली आणि मिस्त्रींपुढे धरली.

"झाकण उघडून द्या. एका हाताने नाही जमत."

मिस्त्रींनी ती घेतली. "ही इथे कशी?"

"पर्समध्येच असते. दवाखान्यातून आल्यापासून." काकू पान्याकडे बघत म्हणाल्या. "हाक आली की मग शोधत बसायला नको म्हणून. खाली तुमची खटपट ऐकू यायची. जॅक उतरवल्याचं कळायचं. मग मी काठी जवळ घेऊन बसायचे. तुम्ही नळ सोडायचात. म्हटलं, असेल. आता माझ्याशिवाय चालतं यांचं. मग कशाला विचारू?"

"तुला त्रास नको म्हणून," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी बायकोला पायऱ्यांपासून वाचवलं होतं, जड उचलण्यापासून वाचवलं होतं, आणि त्या नादात गाड्यांच्या आधी तिलाच काढून टाकलं होतं. हे त्यांना तिथे, डांबराच्या कडेला, बाटलीचं घट्ट बसलेलं झाकण फिरवताना कळलं. त्यांना लाज वाटली. इतकी वाटली की डोळ्यांसमोरचं चाक दिसेना. आजींनी लेकाच्या दंडाला धरून त्याला पेट्रोलपंपाकडे चालायला लावलं. पाणी आणायचंय म्हणाल्या, हातात भरलेली बाटली असताना.

पॉलिश आटून घट्ट झालं होतं. काकूंनी डाव्या हाताने ब्रश नटावर टेकवला. ठिपका पसरला.

"ठिपका कसला, डागच झाला," त्या म्हणाल्या.

"असू दे," मिस्त्री म्हणाले आणि नाक पुसलं. "पुढचा घे."

एकेक करत सगळे नट झाले. वेळ लागला. चष्मेवाला परत येऊन प्रत्येक डाग वाकून बघून गेला आणि त्याचं समाधान झालेलं दिसलं. निघताना आजी काकूंना म्हणाल्या, "माझ्या पातळावर जाईल हा रंग. उरला तर द्या."

"उरत नाही," काकू म्हणाल्या. "अजून एक गाडी आहे."

घरी पोचायला दुपार उलटली. भंगारवाला फाटकाशी आपल्या टेम्पोला टेकून उभा होता. लवकर आला होता आणि त्याचा पारा चढला होता.

"हीच ना?" त्याने म्हातारीच्या पांढऱ्या दारावर थाप मारली.

"हात काढ," मिस्त्री म्हणाले. "ही येतेय आमच्याबरोबर."

"मग मला कशाला बोलावलंत?"

त्याला ठोकळे दिले, गंजलेला जॅक दिला, एक सायलेन्सर दिला. तो कुरकुरत गेला. मुलीला फोन केला तेव्हा तीही कुरकुरली. राणीसारखी गाडी सोडून ते ध्यान घेऊन येताय, म्हणाली. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. राणी गेल्याचं त्यांना वाईट वाटणार होतं, आणि आतापासूनच वाटायला लागलं होतं. गाडी सुंदर होती. त्यांनी तिच्या छतावरून एकदा हात फिरवला.

काकू वर जाऊन पडल्या होत्या. मिस्त्रींनी चहा करून नेऊन दिला, कप परत आणला, विसळला. मग खाली आवारात आले. राणीच्या प्रत्येक चाकाचे नट एकदा सैल केले, पुन्हा हाताने बसवले, छोट्या पान्याने आवळले, आणि जिथे त्यांचे हात नेहमी थांबायचे तिथे थांबले. पाठ सरळ केली. खिडकीकडे तोंड केलं.

"ठिपका!"

वर पलंग करकरला, आणि फरशीवर काठी टेकल्याचा आवाज दाराकडे येऊ लागला. मिस्त्री पायऱ्या चढून त्यांना आणायला गेले.